गुस्ताव्ह कोर्नर : निर्वासित वकील ते उपराज्यपाल

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून अमेरिकेत आश्रयास आलेल्या राजकीय निर्वासितांत गुस्ताव्ह कोर्नर यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म २० नोव्हेंबर १८०९ रोजी फ्रँकफुर्ट येथे झाला. हायडेलबर्ग विद्यापीठात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. लोकशाही आणि अखंड जर्मनी यांच्या ध्येयाने प्रेरित तरुणांनी ३ एप्रिल १८३३ रोजी फ्रँकफुर्टमधील पहाऱ्याच्या चौक्यांवर हल्ला केला. हा उठाव फसला आणि त्यात जखमी झालेले कोर्नर फ्रान्समार्गे अमेरिकेस गेले. मिसूरी राज्यात गुलामगिरी असल्याने त्यांनी शेजारच्या इलिनॉयमधील बेलव्हिल येथे वास्तव्य केले.

केंटकीतील लेक्सिंग्टन येथे अमेरिकी कायद्याचा अभ्यास करून त्यांनी वकिली सुरू केली. १८४२ मध्ये ते इलिनॉयच्या विधिमंडळावर निवडून आले. १८४५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८५३ ते १८५७ या काळात ते राज्याचे निर्वाचित उपराज्यपाल होते.

१८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीस वाट मोकळी झाली. तेव्हा सत्तापद हाती असतानाही कोर्नर यांनी आपल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या धोरणास विरोध केला आणि पुढे ते रिपब्लिकन पक्षात गेले. १८६० च्या शिकागो अधिवेशनात स्थलांतरितांच्या हक्कांना संरक्षण देणारे कलम पक्षाच्या जाहीरनाम्यात यावे, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. अब्राहम लिंकन यांचे ते स्नेही होते. लिंकन यांनी त्यांना १८६२ मध्ये स्पेनमध्ये राजदूत म्हणून पाठविले. १८७२ मध्ये राज्यपालपदाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. ९ एप्रिल १८९६ रोजी बेलव्हिल येथेच त्यांचे निधन झाले.