थडगी राजांची, हजेरी कारागिरांची



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी हजेरी घेत होते. एक ताई आल्या नव्हत्या. शेजारीण म्हणाली, "सासूला दवाखान्यात नेलंय, तसं लिहा." मी त्यांच्या नावापुढे कारण लिहिलं आणि लिहिता लिहिता मला इजिप्तमधला एक दगड आठवला. आज त्या दगडाबद्दलच बोलायचं आहे, पण त्याच्यापर्यंत जायला जरा लांबून यावं लागेल.

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. इजिप्तवर प्रश्न आला की पिरॅमिडची उंची आणि राजांची नावं लिहायची, गुण मिळायचे. ते दगड वाहणारे जेवत काय होते, त्यांची चूल कुठे पेटत होती, हे कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

इजिप्तची सुरुवात दगडाने झाली नाही, मातीने झाली. नाईल नदीला दर पावसाळी पूर यायचा आणि काठावर काळा गाळ बसायचा. त्या गाळावर खपली गहू आणि जव पिकायचं. हो, आपला खपलीच. सातारा-सांगलीकडच्या ऐकणाऱ्या बायांना तो ओळखीचा आहे. राजे होण्याच्याही आधी, सुमारे ६००० वर्षांपूर्वी, बदारी नावाच्या गावाच्या परिसरात लोक मडकी करत होते. चाक नव्हतं, सगळं हाताने. पण भिंत इतकी पातळ की पुढच्या हजारो वर्षांत तितकं नाजूक काम तिथे क्वचितच झालं. मडकं लाल, आणि तोंडाकडचा भाग चकचकीत काळा. गुळगुळीत गोट्याने घासून चकाकी आणायची आणि भाजताना तोंडाकडच्या भागाला हवा लागू द्यायची नाही, की तो काळा पडतो. ही जागा १९२०च्या दशकात ज्यांनी खणली, त्यांत गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन ही बाई होती.

त्यानंतरच्या मडक्यांवर चित्रं आली. पुष्कळ वल्ह्यांच्या नावा, लांब मानेचे पक्षी, डोंगर आणि हात डोक्यावर उंचावलेल्या बायका. तशाच हात उंचावलेल्या बाईची मातीची मूर्ती अमेरिकेत ब्रुकलिनच्या संग्रहालयात आहे. चेहरा पक्ष्यासारखा, कमरेखाली पांढरा घोळ. वय साधारण साडेपाच हजार वर्षं. त्याच सुमाराला हिएराकोनपोलिस इथे एका थडग्याच्या मातीच्या भिंतीवर रंगीत चित्रं काढली गेली. त्यात एक माणूस गदा उगारून कैद्यांना मारतो आहे. पुढे नार्मर राजाच्या दगडी पाटीवर तीच उगारलेली गदा आली, आणि तिथून पुढे तीन हजार वर्षं राजे स्वतःचं चित्र तसंच काढून घेत राहिले. हात उंचावलेल्या बायका मात्र लवकरच मागे पडल्या. मला हे खटकतं, म्हणून सांगितलं.

घरं मातीच्या विटांची होती. गाळ, वाळू आणि गव्हाचा भुसा कालवायचा, लाकडी साच्यात घालायचा आणि उन्हात वाळवायचा. राजवाडेही त्याच विटांचे. दगड आला तो मेलेल्यांसाठी. सुमारे ४६५० वर्षांपूर्वी जोसर राजासाठी सक्कारा इथे सहा टप्प्यांचा पिरॅमिड उभा राहिला. तो इम्होतेप नावाच्या अधिकाऱ्याने रचला असं मानतात. गंमत अशी की भोवतीच्या इमारतींमध्ये दगडाचे खांब बोरूच्या जुड्यांसारखे कोरले आहेत आणि दगडाचं छत ताडा-खजुराच्या ओंडक्यांसारखं केलं आहे. दगड हातात आला, पण गवंड्यांच्या डोळ्यांसमोर अजून गावातलं घरच होतं.

त्यानंतर शंभरेक वर्षांत गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड झाला. खुफू राजाचा. उंची मुळात १४६ मीटरच्या वर, दगड सुमारे २३ लाख. गुलामांनी चाबकाखाली बांधला असं सिनेमात दाखवतात. तिथल्या खोदकामात मात्र कामगारांची वस्ती सापडली, मोठमोठ्या भट्ट्या सापडल्या, रोटीचे जाड मातीचे साचे सापडले, गुरांची पुष्कळ हाडं सापडली. जवळच कामगारांची स्वतःची थडगी आहेत. त्यांतल्या काहींच्या हाडांचे तुकडे नीट जुळलेले दिसतात, म्हणजे मोडलेला हात कुणीतरी बांधला होता आणि बरा होईपर्यंत सांभाळला होता. काम जीवघेणं होतंच, हाडं झिजलेलीही आहेत. पण ती माणसं खाऊनपिऊन होती, आणि मेल्यावर राजाच्या शेजारी पुरली गेली.

आता त्या दगडाकडे येते.

पिरॅमिड लांबून दिसतो, आणि जे चोराला दिसतं ते तो फोडतो. म्हणून पुढच्या राजांनी थडगी लपवायचं ठरवलं. नाईलच्या पश्चिमेला, आजच्या लक्सर शहरासमोर, कोरड्या डोंगरातली एक दरी निवडली आणि जमिनीच्या आत खोल बोगदे खणून त्यात थडगी केली. हे काम करणाऱ्यांसाठी डोंगराच्या कुशीत एक गाव वसवलं. आज त्याला देइर अल-मदिना म्हणतात. तेव्हाच्या नावाचा अर्थ होता सत्याचं ठिकाण. भोवती भिंत, आत अरुंद गल्ली, ६८च्या आसपास घरं, एकाला एक चिकटून. पुढच्या खोलीत विटांचा चौथरा, त्यावर बाळंतिणीला आणि लेकराला राखणाऱ्या बुटक्या बेस देवाचं चित्र. मधली खोली जरा उंच, मागे उघड्यावर चूल आणि भट्टी, गच्चीवर जायला जिना, खाली तळघर. गावात विहीर नव्हती. पाणी रोज गाढवांवरून यायचं. धोबी सरकारकडून नेमलेले आणि ते पुरुष होते, ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे.

हे गाव सुमारे ४०० वर्षं चाललं. इथल्या माणसांना लिहायची सवय होती. कागद, म्हणजे पपायरस, महाग. म्हणून चुनखडीच्या कपच्या उचलायच्या आणि त्यावर शाईने लिहायचं. उसनवारी, गाढव भाड्याने दिलं त्याचा वाद, धुण्याचा हिशोब, प्रेमाची गाणी, सगळं. हजारो कपच्या सापडल्या. त्यातलीच एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि ती हजेरी आहे. दुसऱ्या रामसेस राजाच्या चाळिसाव्या वर्षाची. चाळीस कामगारांची नावं, २८० दिवस, आणि कोण का आलं नाही ते लाल-काळ्या शाईत लिहिलेलं. आजारी. डोळे आलेत. विंचू चावला. आई आजारी. सणासाठी दारू गाळत होता. आणि काही ठिकाणी लिहिलं आहे की बायकोची किंवा लेकीची पाळी आहे.

हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी घरच्या बाईची पाळी हे कामावर न जाण्याचं कारण म्हणून मुकादमाने लिहून घेतलं, लाजला नाही. आमच्या काही गटांत आजही बायका "तब्येत ठीक नाही" एवढंच सांगतात.

काम कसं चालायचं तेही कळतं. कामगारांच्या दोन टोळ्या, उजवी आणि डावी, नावेवर असतात तशा. दहा दिवसांतले आठ दिवस काम, दोन दिवस सुट्टी. धातूची छिन्नी सरकारची. देताना वजन करून द्यायचे आणि घेताना वजन करून घ्यायचे, कारण तांब्याचा तुकडा कापून ठेवला तर कळायला हवं. आत अंधार, म्हणून दिव्याच्या वाती मोजून मिळत, त्याचीही नोंद. आधी खडक फोडायचा, मग गिलावा. मग लाल रंगात बुडवलेली दोरी ताणून टणकन सोडायची की भिंतीवर सरळ रेघ उमटते. आपले गवंडी अजून करतात तसंच. उभ्या-आडव्या रेघांचे चौकोन झाले की माणूस मोजून बसवायचा, तळपायापासून कपाळावरच्या केसांपर्यंत १८ चौकोन. शिकाऊ चित्रकार लाल रेघेने काढायचा, उस्ताद काळ्या रेघेने दुरुस्त करायचा. त्यानंतर कोरायचं आणि रंगवायचं. होरेमहेब राजाचं थडगं अर्धवट राहिलं, त्यामुळे तिथल्या भिंतींवर हे सगळे टप्पे आजही दिसतात. लाल चूक आणि तिच्यावरची काळी सुधारणा, दोन्ही.

मजुरी पैशात नव्हती, पैसा नव्हताच. साध्या कामगाराला महिन्याला चार पोती खपली आणि दीड पोतं जव. त्यांचं पोतं साधारण ७६ लिटरचं. खपलीची रोटी, जवाची दारू. शिवाय मासे, भाजी, सरपण.

आणि मग ही मजुरी थकली. तिसऱ्या रामसेसचं एकोणतिसावं वर्ष, इसवी सनपूर्व ११५७च्या सुमारास. महिन्याचे १८ दिवस गेले आणि धान्य आलं नाही. कामगार उठले, गावच्या चौक्या ओलांडून खाली उतरले आणि राजांच्या स्मारक-मंदिरांपाशी जाऊन बसले. आम्ही भुकेने आणि तहानेने इथे आलो, कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, राजाला कळवा, असं त्यांचं म्हणणं अमुननाख्त नावाच्या लेखनिकाने लिहून ठेवलं. तो पपायरस इटलीत तुरिनला आहे. जगात नोंद राहिलेला हा पहिला संप मानला जातो.

ते जाऊन बसले त्यांत रामसेसियम नावाचं मंदिरही होतं. त्या मंदिराच्या मागे धान्याची कोठारं आहेत. लांबच लांब, कमानदार छताची, साध्या मातीच्या विटांची. म्हणजे धान्य जिथे साठवतात तिथेच जाऊन बसले, हुशार माणसं. मंदिराचे दगड पुष्कळ ठिकाणी कोसळले आहेत, राजाचा प्रचंड पुतळा तुटून पडला आहे, आणि मातीच्या त्या कोठारांच्या कमानी मात्र बऱ्याच अजून उभ्या आहेत. कामगारांना मागच्या महिन्याचं धान्य मिळालं. मग पुन्हा थकलं, पुन्हा बसले. केलेल्या कामाची मजुरी उशिरा मिळाली की घरात काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगू?

त्यांनी स्वतःसाठीही थडगी केली. सुट्टीच्या दिवसांत, एकमेकांच्या मदतीने. त्यावर विटांचा छोटासा पिरॅमिडही बांधायचे. सेनेजेम नावाच्या कारागिराचं थडगं १८८६ साली सापडलं. आतल्या रंगांवर विश्वास बसत नाही इतके ते ताजे आहेत. भिंतीवर परलोकातलं शेत आहे. सेनेजेम बैलांनी नांगर हाकतो आणि त्याची बायको इनेफर्ती मागून बी टाकत येते. तो विळ्याने कणसं कापतो, ती मागे टोपली घेऊन वेचते. जवस दोघं मिळून उपटतात. दोघांच्याही अंगावर पांढरे शुभ्र चुण्यांचे कपडे, असं नेसून कुणी पेरणी करत नाही. पण मेल्यावर कसं दिसायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

याच गावात नौनाख्ते नावाची बाई होती. पहिला नवरा लेखनिक, तो वारल्यावर दुसरं लग्न खाएमनून नावाच्या कामगाराशी. आठ मुलं वाढवली. म्हातारी झाल्यावर, पाचव्या रामसेसच्या तिसऱ्या वर्षी, ती गावच्या न्यायसभेपुढे उभी राहिली आणि म्हणाली की मी स्वतंत्र बाई आहे, माझ्या वाट्याची मालमत्ता मी माझ्या मर्जीने देणार. ज्यांनी मला म्हातारपणी हात दिला त्यांना देईन, ज्यांनी दिला नाही त्यांना नाही. नावं घेऊन सांगितलं. ज्यांना वगळलं त्यांना बापाच्या वाट्यातलं मिळणार होतं, तिच्यातलं नाही. एका मुलाला इतरांपेक्षा जास्त म्हणून हात धुवायचं काशाचं भांडं दिलं. साक्षीदारांची नावं खाली आहेत. ते मृत्युपत्र आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

त्याच्या शेवटी नंतर जोडलेली एक नोंद आहे. वर्षभराने नवरा आणि मुलं पुन्हा न्यायसभेपुढे आली आणि म्हणाली, तिने लिहिलं तसंच राहू दे. नवऱ्याने शपथ घेतली की मी हे मोडायला आलो तर मला शंभर फटके मारा. आणि काशाचं ते भांडं त्या मुलाचंच, असंही पुन्हा लिहून घेतलं.