गर्दीचे गणित

गर्दीला डोके नसते, असे आपण सहज म्हणून जातो. जत्रेत चेंगराचेंगरी झाली की दोष लोकांच्या माथी मारून मोकळे होतो. मोठमोठ्या क्रीडामैदानांवरच्या गर्दीचा संगणकावर अभ्यास झाला, तेव्हा निराळेच चित्र दिसले.

१९८६ साली मेक्सिकोत जागतिक फुटबॉल स्पर्धा झाली. तिथल्या प्रेक्षकांची 'लाट' दूरचित्रवाणीने जगभर पोचवली. काही जण हात उंचावून उठतात, बसतात. लगेच शेजारचे उठतात. वाऱ्याने उभ्या जोंधळ्यातून लाट जावी, तशी ती मैदानाभोवती फिरते. हुकूम कोणाचा? कोणाचाच नाही! जर्मनीचे हेल्बिंग आणि हंगेरीचे फार्कश व विचेक यांनी अशा १४ लाटांची चित्रणे तपासली. लाट सेकंदाला सुमारे २० आसने सरकते, असे त्यांनी २००२ साली 'नेचर' साप्ताहिकात मांडले. संगणकातल्या माणसांना त्यांनी एवढेच शिकवले होते: शेजारचे पुरेसे उठले की ऊठ, बस, मग थोडा दम खा. तेवढ्यावर लाट उभी राहिली. सुरुवातीला दोन-तीन डझन माणसे पुरली.

ही झाली गंमत. याच तिघांनी २००० साली संगणकातल्या २०० माणसांना एका खोलीतून बाहेर काढून पाहिले होते. दार एक मीटर रुंद. सावकाश चालली तर माणसे सुरळीत निघत. सेकंदाला दीड मीटरपेक्षा जास्त घाई केली, की दारापाशी खांद्याला खांदा भिडून कमान धरे आणि वाट तुंबे. कणगीच्या तोंडाशी धान्य अडकते ना, तसेच. यात वेडा कोण? प्रत्येक जण दाराकडेच तर निघालेला.

आता एक खरी घटना ऐका. १५ एप्रिल १९८९. इंग्लंडातील शेफील्ड शहर, हिल्सबरो मैदान. बाहेरची दाटी कमी व्हावी म्हणून पोलिसांनी मोठे फाटक उघडले, पण आतला बोगदा बंद केला नाही. लोक त्यातून थेट आधीच भरलेल्या, कुंपणांनी बंदिस्त केलेल्या जागेत गेले. मागच्यांना पुढचे दिसत नव्हते. मृतांचा आकडा अखेर ९७ वर गेला. प्रेक्षकच दारू पिऊन आले होते, असा बोभाटा झाला. पोलिसांनी सांगितले आणि वर्तमानपत्राने छापले. आपली माणसे गमावलेल्यांना तो डाग २७ वर्षे सोसावा लागला. त्यांना न्याय संगणकाने दिला नाही; त्यांच्या चिकाटीने आणि साक्षीपुराव्याने तो मिळाला. २०१६ साली पंचांनी निर्णय दिला: मृत्यू बेकायदा कृतीने झाले, आणि प्रेक्षकांचा त्यात काही दोष नव्हता.