निमंत्रण कोणाचे, निर्णय कोणाचा? : पुणे १८८५ ते यवतमाळ २०१९

१/ साहित्य संमेलनांचा इतिहास बहुधा अध्यक्षीय भाषणांतून सांगितला जातो. परंतु व्यासपीठावर कोणी बोलावे हे ठरवणाऱ्या समित्यांनाही इतिहास असतो. त्यातील एक प्रकरण यवतमाळचे आहे.

२/ न्या. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्राने नाकारले. जे ग्रंथकार माणसाचे समान हक्क आचरणात मानत नाहीत, त्यांच्या सभेत आपल्या लोकांचे दुःख उमटणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

३/ १९६१ साली साहित्य महामंडळ स्थापन झाले. पुणे, मुंबई, नागपूर व औरंगाबाद येथील चार संस्था त्याच्या घटक. कार्यालय त्यांच्याकडे आळीपाळीने जाते. संमेलन मात्र स्थानिक यजमान संस्था भरवते. वक्त्यांची निवड अशी दोन हातांत राहते, आणि वाद उद्भवला की उत्तरदायी कोण, हा प्रश्न उरतो.

४/ यवतमाळला १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे संमेलन पुन्हा तेथेच भरले. तोवर अध्यक्ष मतदानाने निवडला जाई. ती पद्धत बदलून या वेळी डॉ. अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली.

५/ उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले. 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतर करणारे रणजित पंडित हे त्यांचे वडील. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेला मराठी संमेलनाचे उद्घाटन का, असा विरोध झाला आणि यजमानांनी निमंत्रण मागे घेतले. निर्णय नेमका कोणाचा, यावर यजमान व महामंडळ यांचे खुलासे परस्परविरोधी होते. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक निमंत्रित लेखकांनी सहभाग नाकारला.

६/ सहगल यांचे भाषण आधीच लिहून झाले होते. ते वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले आणि मंडपाबाहेर कितीतरी अधिक वाचले गेले. डॉ. ढेरे यांनी अध्यक्षपदावरूनच निमंत्रण रद्द करण्यावर टीका केली. उद्घाटन केले ते यवतमाळ जिल्ह्यातील वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी ऐन वेळी व्यासपीठावर आली आणि शेतकरी विधवांचे जगणे तिने थेट साहित्यिकांपुढे मांडले.

७/ १८८५ मध्ये नकार निमंत्रिताचा होता, २०१९ मध्ये निमंत्रकाचा. पहिल्या नकाराखाली सही होती. दुसऱ्याची जबाबदारी कोणीच पूर्णपणे स्वीकारली नाही. आज मुक्तस्रोत संगणकप्रणालींच्या परिषदांत भाषणांचे प्रस्ताव खुलेपणाने मागवतात आणि निवडीचे निकष बहुधा आधी जाहीर करतात. तेथेही प्रश्न हाच असतो : एकदा दिलेला शब्द मोडण्याचा अधिकार कोणाला, आणि त्याचा जाब कोणी द्यायचा? संमेलनाची कार्यक्रमपत्रिका हाती आली, की छापलेल्या नावांसोबत वगळलेली नावेही शोधावीत.