सोंग आणि फासा

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे तेवढे आणता येत नाही, असे आपण म्हणतो खरे. परंतु सोंग आणणे ही गोष्ट मुळात किती अवघड, तिला काही माप आहे काय, ती शिकून येते की जन्मतःच अंगी असावी लागते, हे कोणी मोजून पाहिले आहे काय? पाहिले आहे, आणि तेही नाट्यशास्त्राच्या पंडितांनी नव्हे. अमेरिकेतल्या काही हौशी खेळियांनी हा उद्योग गेल्या पन्नास वर्षांत केला, आणि फाशांच्या साहाय्याने केला.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव घरातल्या मुलांकडून वाचकांच्या कानांवर आले असेल. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसावयाचे. एकाने सूत्रधार व्हावयाचे. अरण्ये, भुयारे, राक्षस आणि खानावळी हे सगळे त्याने तोंडाने उभे करावयाचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यावयाचे, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, आणि आपले पात्र काय करते ते सांगावयाचे. ते साधते की फसते, हे फासा ठरवितो. सांगलीस १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हाही सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपली गद्य भाषणे आयत्या वेळीच करीत. आपल्या राक्षसपार्टीला फासे टाकावे लागले नाहीत, एवढाच काय तो फरक.

या खेळाचे मूळ नाटकात नाही, लष्करात आहे. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर लढण्याचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात नियम होते, फासे होते आणि एक पंचही होता. पुढे नियमांचे ओझे फार झाले, म्हणून १८७६ साली फेर्दी द्यु वेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने निवाडा पुस्तकाकडून काढून पंचाच्या अनुभवावर सोपविला. नियम खरा की पंचाचे डोके खरे, हा तंटा तेव्हापासूनचा आहे. तो लक्षात ठेवावा, कारण अभिनयाचा प्रश्न आला की हेच भांडण पुन्हा उभे राहते.

१९६९ साली मिनेसोटातील सेंट पॉल येथे डेव्हिड वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातले एक काल्पनिक गाव मांडले. गावाचे नाव ब्राउनस्टाइन. दोन सेना लढणार होत्याच. पण खेळणारे जास्त जमले म्हणून त्याने कोणाला नगराध्यक्ष केले, कोणाला सावकार, कोणाला विद्यापीठाचा कुलपती. मंडळींनी लढाई बाजूला ठेवली आणि कोपऱ्यांत जाऊन कुजबुजण्यास, कट करण्यास, थापा मारण्यास आरंभ केला. वेस्लीला वाटले, खेळ पार फसला. मंडळी मात्र पुन्हा कधी म्हणून विचारू लागली.

पुढच्या एका खेळात लॅटिन अमेरिकेतले एक बंडाळीने ग्रासलेले राज्य होते, आणि डेव्ह आर्नेसन याच्याकडे एका विद्यार्थी क्रांतिकारकाची भूमिका आली होती. सांगतात ते असे, की तो अमेरिकन गुप्तहेर खात्याचे बनावट ओळखपत्र घरूनच तयार करून घेऊन आला! मी तो नव्हेच, मी आहे सरकारी हेर, असे त्याने एकेकाला पटविले, आणि शेवटी राज्याचा खजिना घेऊन हेलिकॉप्टरातून पसार झाला. त्याच्या या अभिनयासाठी कोणी फासा टाकला नाही. समोरच्या माणसांचा विश्वास बसला, एवढेच प्रमाण. या शास्त्राचा पहिला प्रयोग म्हणावयाचा तर हाच, आणि माझ्या मते तो आजवरचा सर्वांत शुद्ध प्रयोग होय.

याच आर्नेसनने विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हाच्या गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका, पहिली छपाई १,००० प्रतींची. प्रत्येक पात्राला सहा गुण, आणि प्रत्येकासाठी तीन फासे टाकावयाचे, म्हणजे तीनपासून अठरापर्यंत काहीही पडावे. सहावा गुण करिश्मा. तो अठरा असेल तर पदरी बारा अनुयायी ठेवता येत, तीन असेल तर एकच. चेटकिणीने पकडले तर ती तुमचे डुक्कर करील की प्रियकर म्हणून ठेवून घेईल, हेही त्यावरून ठरवावे, अशी सूचना होती. पण हा गुण म्हणजे निव्वळ नशीब. फासा पडला तसा जन्मभर राहावयाचा. तालीम कितीही करा. आपल्याकडे नटाला आवाजाची देणगी असावी लागते म्हणतात, तोच हा पक्ष.

अभ्यासाचा पक्ष मागून आला. १९७५ च्या पुरवणीत चोर हे पात्र दाखल झाले, आणि कुलूप उघडणे, खिसा कापणे, सावलीत लपणे यांचे शेकडेवारीत आकडे आले. चोर मुरेल तसे ते वाढत. विद्येला टक्केवारी प्रथम लाभली ती चोरीच्या, हे जाताजाता नमूद करण्याजोगे आहे. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट' या खेळाने तर शिक्षणाचे मर्मच पकडले. जी कला प्रत्यक्ष वापरून साधली, तिच्याचसाठी साहसानंतर शंभरातला फासा टाकावयाचा. तो सध्याच्या आकड्याच्या वर पडला तरच प्रगती. म्हणजे ढोबळ मानाने तीस टक्के जाणणाऱ्याला वर चढणे सोपे, ऐंशी टक्केवाल्याला कठीण. ज्याने पेटी किंवा तबला थोडातरी शिकला आहे, त्याला याची सत्यता पटवून द्यावयास नको.

अभिनयाचे नाव स्वच्छपणे घेतले ते 'गर्प्स' या खेळाने. तो टेक्ससमधील स्टीव्ह जॅक्सन याने १९८६ साली काढला. त्यात अभिनय आणि रंगभूमीवरचा प्रयोग ही दोन निराळी कौशल्ये मानली आहेत, आणि मला हा विवेक फार आवडतो. खोटा राग, खोटी माया, उसना आवाज दीर्घकाळ निभावून नेणे ही एक विद्या. प्रेक्षकांपुढे नाटक रंगविणे ही दुसरी. भरतमुनींनी आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार भेद केले. पण घरात सासूसमोर करावयाचा अभिनय आणि थिएटरातला अभिनय यांची गल्लत होते, हे मात्र या गृहस्थाने नेमके हेरले.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत कलाप्रयोग हे विकत घेण्याचे कौशल्य झाले, आणि २००३ च्या सुधारणेत त्याच्या नऊ शाखा पाडल्या. अभिनय, विनोद, नृत्य, वक्तृत्व, गायन आणि चार प्रकारची वाद्ये. वीस बाजूंचा फासा टाकावयाचा, त्यात कौशल्याचा व करिश्म्याचा आकडा मिळवावयाचा. बेरीज दहा भरली तर दिवसाला एक ते दहा तांब्याची नाणी, म्हणजे जवळजवळ भीकच. पंधरा भरली तर तितकीच चांदीची. तीस भरली तर तीन ते अठरा सोन्याची. नुकताच वाटेला लागलेला बरा भाट कौशल्याचे चार आणि करिश्म्याचे तीन धरून सातावर उभा असतो. पंधरासाठी त्याला फाशावर आठ पुरेत. तिसाचा प्रयोग त्याला फासा वीस पडला तरी साधणार नाही. आणि एखाद्या गावात एकदा पडलात, की पुढच्या वेळी तेथे दोनाने अधिक हवे. नाटक कंपनीच्या मालकांना हा नियम पुस्तक न वाचताच ठाऊक होता.

एक गोष्ट मात्र हास्यास्पद राहिली. कौशल्य विकत घ्यावयाचे ते अनुभवाच्या जोरावर, आणि अनुभव बहुधा राक्षस मारून मिळावयाचा. म्हणजे भुयारात तलवार चालवा आणि बाहेर येऊन करुणरस सुधारा! 'रूनक्वेस्ट'ची तालीम इथे पार विसरली गेली.

पण आकडे आले म्हणून जुने खेळिये रागावतात, ते माझ्याने सर्वस्वी मान्य होत नाही. त्यांचे म्हणणे असे, की द्वारपालाला फसवावयाचे तर बोलून फसवा, फासा कशाला? आर्नेसनसारख्याला हे ठीक. पण जो मुलगा चारचौघांत तोंड उघडताना अडखळतो, त्याने धूर्त राजदूत कधी व्हावयाचेच नाही काय? योद्धा होणाऱ्याला कोणी खरोखरीची तलवार उचलावयास सांगत नाही. त्या मुलाने दोन वाक्ये अडखळत म्हणावी आणि उरलेले वीस बाजूंच्या फाशाने बोलावे, यात अन्याय कोणता? उलट, पुष्कळदा फाशाच्या आडून बोलता बोलताच जीभ सैल होते. मात्र नुसता फासा टाकून गप्प बसणाऱ्याला सूत्रधाराने आग्रहाने एक वाक्य तरी म्हणावयास लावावे.

२०१४ च्या आवृत्तीत 'ॲक्टर' नावाची एक सिद्धी आहे. तिच्या धन्याने एखाद्याचे बोलणे एक मिनिटभर ऐकले की त्याला त्याचा आवाज काढता येतो. ऐकणाऱ्याला संशय आला तर तो आपली पारख पणाला लावतो. वेषांतराचा २००३ चा नियम याहून अधिक मुरलेला वाटतो. नुसते तोंडओळखीचे माणूस पाहत असेल तर त्याच्या नजरेला चार गुण अधिक, मित्राला सहा, जिवलग मित्राला आठ आणि अगदी जवळच्या माणसाला दहा. शिवाय हा फासा खेळणाऱ्याने टाकावयाचा नाही. तो सूत्रधार लपवून टाकतो, आणि सोंग कितपत वठले आहे, हे सोंग घेणाऱ्याला समोरचा ओळखेपर्यंत कळत नाही.