आधी कागद, मग कासव

पनवेल हे तळ्यांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे ही नावं आम्ही लहानपणी पाढ्यांसारखी घोकायचो. आमचं घर वडाळे तलावापासून हाकेच्या अंतरावर आणि घरामागे विहीर. त्या विहिरीत कासव होतं. कुणी सोडलं, कधी सोडलं, हे कुणी विचारत नसे. विहिरीत कासव असावं ही जुनी रीत. डासांच्या अळ्या, कुजका पाला, मेलेलं किडूक-मिडूक ते खातं आणि पाणी राखतं, अशी समजूत. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा आजीला सांगून पाहिलं, की कासवाची घाणही त्याच पाण्यात जाते. ती म्हणाली, "तुझ्या नळाच्या पाण्यात काय काय जातं ते आधी बघून ये."

देवळातही कासव होतंच. गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेलं दगडी कासव आपल्याकडे कितीतरी देवळांत दिसतं. आधी त्याला हात लावायचा, मग देवाला. पावसाळ्यात भातखाचरांतून आणि ओढ्यांतून मऊ पाठीचं कासव निघे, मागचे पाय झाकायला पोटाखाली झडपा असलेलं. कुणी ते पकडून खातही असत, ते लपवण्यात अर्थ नाही. पण पैसे मोजून कासव आणल्याची गोष्ट मी घरातल्या मोठ्यांकडून कधी ऐकली नाही.

आणि पनवेल तर बाजाराचं गाव. मुंबईहून गलबतानं खाडीतून यायचं आणि इथून बोरघाटानं वर देशावर जायचं, हा जुना रस्ता. मीठ, भात, सुकी मासळी इथे हातोहात फिरे. इथली बैलगाडीची चाकं तर इतकी नावाजलेली, की ऐपत असलेला देशावरचा गाडीवान परतताना चाकांची जोडी घेऊन जाई, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात आहे. चाकाला गिऱ्हाईक होतं, कासवाला नव्हतं.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि खाचरातलं ते झडपांचं कासव पुढे वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत जाऊन बसलं. गावात याची कुणाला खबरही नव्हती. विहिरी मात्र आपोआप बंद होत गेल्या. नळ आले, वाडे पडले, इमारती उठल्या, विहिरींवर जाळ्या बसल्या. पलीकडे सिडकोचं नवीन पनवेल वाढलं आणि सदनिकांबरोबर काचेच्या टाक्या आल्या. त्या टाक्यांत रुपयाएवढी हिरवीगार पिल्लं, कानामागे लाल पट्टा. हे मूळचं अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातलं पाण्यातलं कासव. तिकडे लुइझियानात त्याची शेतीच चाले. मुलं पिल्लू तोंडात घालतात आणि साल्मोनेलानं आजारी पडतात, म्हणून अमेरिकेनं १९७५मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायला आपल्याच देशात बंदी केली. निर्यात चालू राहिली. आपल्या कायद्याच्या तेव्हाच्या यादीत हा परदेशी पाहुणा नव्हता, त्यामुळे तो इथे उघड विकला गेला. रुपयाएवढं पिल्लू पुढे जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि तीसेक वर्षं जगतं, हे दुकानदार कशाला सांगेल? मग टाकी लहान पडते आणि कासव एखाद्या तळ्यात सोडलं जातं. तिथे ते देशी कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा बळकावतं.

पण खरा काळा धंदा तारा कासवाचा, पाठीवर चांदण्या कोरलेल्या कासवाचा. ते कोकणातलं नव्हे. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, आंध्र, तमिळनाडू, श्रीलंका हे त्याचं घर. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दक्षिणेतल्या एकाच केंद्रातून वर्षाला किमान ५५,००० पिल्लं जंगलातून उचलली जातात असं आढळलं. २०१९मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आली आणि २०२२च्या दुरुस्तीनं आपल्याकडेही ते पहिल्या अनुसूचीत गेलं. आता शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. यात आपली खास भर म्हणजे वीस नखांच्या कासवाची अफवा. असं कासव घरात ठेवलं की पैशांचा पाऊस पडतो म्हणे. तारा कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच नखं, मागच्या पायांना चार-चार, बेरीज अठरा. गणितातच गडबड आहे, तरी माणसं जमीन विकून पैसे ओततात.

या पार्श्वभूमीवर माझी एक जुनी विद्यार्थिनी मला फोनवर विचारते, "बाई, ब्रीडरकडून कासव घ्यायचंय. निरोगी कसं ओळखायचं?"

ओळखता येतं. डोळे उघडे आणि स्वच्छ हवेत. पापण्या सुजलेल्या म्हणजे बहुधा अ जीवनसत्त्व कमी. नाकातून बुडबुडे येत असतील किंवा तोंड उघडं टाकून ते श्वास घेत असेल, तर छातीत संसर्ग. हातात घेतलं की आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे आणि पाय ओढल्यावर त्यानं ते जोरानं आत घेतले पाहिजेत. वाढलेल्या कासवाचं कवच दाबून मऊ लागलं, तर कॅल्शियम आणि ऊन दोन्ही मिळालेलं नाही. जमिनीवरच्या कासवाच्या पाठीवर टेंगळं उठली असतील, तर बालपणी खाणं आणि हवेतला ओलावा चुकलेला. कोरड्या मुलखातलं कासव पनवेलच्या चार महिन्यांच्या पावसात किती तग धरेल, हाही प्रश्न विचारावाच.

पण ही सगळी तपासणी नंतरची. भारतात देशी कासव विकणारा कुणी स्वतःला ब्रीडर म्हणवत असेल, तर तो गुन्हेगार आहे, त्याचं कासव कितीही टुणटुणीत असो. सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या कराराच्या यादीतलं परदेशी कासव असेल, तर २०२४च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी, हस्तांतराची आणि जन्म-मृत्यूचीही. कागद दाखवायला विक्रेता का-कू करत असेल, तर डोळे बघायची गरजच उरत नाही. विद्यार्थिनीला मी हेच सांगितलं. तिनं त्या ब्रीडरकडे कागद मागितला आणि तो म्हणाला, "ताई, कासवाला कसला कागद?" तिनं घेतलं नाही.

कुणाच्या घरी तारा कासव किंवा आपल्याकडचं एखादं देशी कासव आधीपासून असेल, तर ते रात्री गुपचूप वडाळे तलावात सोडू नका. तारा कासवाला पोहता येत नाही, आणि टाकीत वाढलेलं दुसरं कासव आजार घेऊन जातं. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि त्यांच्या हवाली करा.