लोहशोषणाचे आनुवंशिक नियंत्रण
अन्नातील लोहापैकी किती भाग रक्तात घ्यावयाचा, याचे ग्रहणीच्या (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या) अभिस्तर कोशिकांत होणारे नियमन. प्रौढ शरीरात सु. ३ ते ४ ग्रॅ. लोह असते. तांबड्या कोशिकांच्या निर्मितीस रोज सु. २० ते २५ मिग्रॅ. लोह लागते, त्यातील बहुतेक जुन्या कोशिकांच्या विघटनातून परत मिळते व आतड्यातून केवळ १ ते २ मिग्रॅ. घेतले जाते. जादा लोह बाहेर टाकण्याची नियंत्रित यंत्रणा शरीरात नसल्यामुळे समतोल मुख्यत्वे शोषणावर अवलंबून असतो.

ही गोष्ट मॅकन्स व विडोसन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये मांडली. १९४३ मध्ये अमेरिकेत हान व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना किरणोत्सर्गी लोह देऊन प्रयोग केले आणि लोहाने भरलेले आतड्याचे अस्तर पुढील लोह अडविते, अशी उपपत्ती सुचविली. मोठ्या मात्रेपुढे हा अडसर अपुरा ठरतो, असे नंतर दिसून आले. शरीराची गरज आतड्यास कशी कळते, हा प्रश्न मात्र पुढे अर्धशतक अनुत्तरित राहिला.

त्याचे उत्तर जीनांच्या (आनुवंशिक घटकांच्या) शोधांतून मिळाले. १९९६ मध्ये सहाव्या गुणसूत्रावरील एचएफई हा जीन सापडला. त्यातील उत्परिवर्तनामुळे उत्तर यूरोपीय वंशाच्या लोकांत लोहसंचयाचा रोग होतो. भारतात ते उत्परिवर्तन अतिशय विरळ आहे. लोह कोशिकेत आणणारे डीएमटी-१ (१९९७) आणि ते रक्तात सोडणारे फेरोपोर्टिन (२०००) ही प्रथिने त्यापाठोपाठ ओळखली गेली. यकृतात तयार होणारे हेप्सिडीन हे हॉर्मोन लोहाचे नियमन करते, असे २००१ मध्ये दिसून आले. ते फेरोपोर्टिनास चिकटून त्याचा नाश घडविते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. अशा वेळी लोह कोशिकेतच फेरिटीनाच्या रूपात अडकते आणि काही दिवसांत कोशिका गळून पडताच मलावाटे निघून जाते. लोहाची चणचण असता हेप्सिडीन घटते. शिवाय एचआयएफ-२ आल्फा हे प्रथिन आतड्यातील वाहक प्रथिनांचे जीन अधिक कार्यान्वित करते.

ही यंत्रणा फसल्याचे महत्त्वाचे उदाहरण ठाणे जिल्ह्यात आढळते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित वसविण्यात आले. त्या वसाहतीस १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. कल्याण ते टिटवाळा या रेल्वेपट्ट्यालगतच हे शहर आहे. सिंधी समाजात बीटा थॅलॅसीमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक असते. दोन वाहकांच्या अपत्यास हा रोग झाल्यास अस्थिमज्जा अव्याहत पण निष्फळ श्रम करते. तिच्यातील अपक्व रक्तकोशिका एरिथ्रोफेरॉन हे हॉर्मोन स्रवतात (२०१४) व त्यामुळे हेप्सिडीन दबते. साठे भरलेले असतानाही आतडे लोह घेतच राहते. म्हणून रक्त न दिलेल्या रुग्णांच्या यकृतातही ते साचू शकते. तीव्र रोगात वारंवार दिल्या जाणाऱ्या रक्तातील लोहाची त्यात भर पडते.

वाहकांस सहसा सौम्य पांडुरोग असतो आणि त्यांच्या तांबड्या कोशिका लहान असतात. लोहन्यूनतेतही हेच चित्र दिसते. त्यामुळे तपासणीविना दीर्घकाळ लोह देणे योग्य नव्हे. वाहकासही लोहाची खरी उणीव असू शकते. म्हणून रक्तरसातील फेरिटीन व हीमोग्लोबिनाचे प्रकार तपासून निर्णय घेणे इष्ट असते. विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभी हीच तपासणी केल्यास पुढील पिढीतील तीव्र रोग टाळता येतो.