मोटारींवरील जुन्या क्रमांकपाट्या : कालसंगति आणि अस्सलपणा

गेल्या माघांत आमचा एक जुना विद्यार्थी एक छायाचित्र घेऊन आमचेकडे आला. छायाचित्र १९३४ सालच्या एका ऑस्टिन सेव्हन मोटारीचें होतें. गाडी त्याच्या आजोबांनीं मुंबईस घेतलेली. पुढें ती बेळगांवीं नातलगांकडे गेली आणि कांहीं वर्षांपूर्वी पुण्यास परत आली. जुन्या मोटारींच्या एका मेळाव्यासाठीं त्यानें तिला नवा रंग दिला होता व पुढील बाजूस काळ्या पत्र्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांची पाटी बसविली होती. "सर, पाटी अगदीं त्या काळची वाटते कीं नाहीं ?" असें त्यानें विचारिलें. अक्षरांचें वळण, पत्र्याचा रंग, खिळे, सर्व कांहीं त्या काळास शोभेलसें होतें खरें. परंतु मजकूर "एमएच १२" असा आरंभ होत होता ! राज्याचीं दोन अक्षरें व त्यापुढें कचेरीचा दोन अंकी आंकडा ही पद्धति १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालची. तो कायदा अमलांत आला १ जुलै १९८९ रोजीं. शिलाहारांच्या ताम्रपटांत लिपि, मुद्रा, वंशावळ सर्व यथास्थित असावें आणि दान देणाऱ्या अधिकाऱ्यास 'कलेक्टर' म्हटलेलें असावें, त्यांतलाच हा प्रकार होय.

गाडी कर्नाटकांतून महाराष्ट्रांत आली तेव्हां राज्य बदलल्यामुळें तिला नवा क्रमांक पडला होता. म्हणजे मजकूर कायदेशीर होता, पाटी डौलदार होती, आणि दोहोंचा मेळ मात्र नव्हता. त्याला आम्हीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "मग त्या काळचा एखादा क्रमांक शोधून घालतों." ह्या उत्तरानें आम्हांस अधिक चिंता वाटली, आणि प्रस्तुत लेखाचें कारण तेंच आहे. कालसंगत पाटी व अस्सल पाटी ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत. पहिलीच्या शोधांत दुसरी नष्ट होते.

विषय आमच्या वाचकांस परका वाटण्याचें कारण नाहीं. ताम्रपटाची परीक्षा आपण अक्षरांवरून, धातूवरून व मजकुरावरून करितों, आणि एवढ्यानेंही न भागल्यास बाहेरचें प्रमाण पाहतों. कूटशासनें आजकालचीं नव्हेत. हर्षाच्या मधुबन येथील ताम्रपटांतच, सोमकुंडका नांवाचा गांव वामरथ्य नामक ब्राह्मण कूटशासनाच्या आधारें भोगीत होता म्हणून तें शासन मोडून टाकल्याचा उल्लेख आहे. वाहनाच्या बाबतींत तर आपल्या इतिहासांत याहून जवळचा दाखला सांपडतो. अलाउद्दीन खिलजीनें सुरू केलेली व अकबरानें पुन्हा चालू केलेली दाग आणि चेहऱ्याची पद्धति सर्वांस ठाऊक आहे. घोड्याच्या अंगावर डाग, आणि दप्तरांत त्याचें वर्णन. हजिरीच्या वेळीं चांगला घोडा दाखवून चाकरीवर तट्टू आणूं नये म्हणून ही योजना. नुसता डाग पुरत नसे. डाग आणि चेहरा जुळावे लागत. मोटारीची पाटी हा डाग आहे. तिचा चेहरा कोठें आहे, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न नीट समजण्यास इंग्लंडचें उदाहरण सर्वांत सोयीचें आहे. पाटीचा आरंभ मात्र तेथला नव्हे. पॅरिसच्या पोलीसखात्यानें १४ ऑगस्ट १८९३ च्या हुकुमानें ती प्रथम लावविली. इंग्लंडांत १९०३ चा मोटार कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक गाडीवर क्रमांक सक्तीचा झाला. अक्षर साडेतीन इंच उंच, अडीच इंच रुंद, रेघेची जाडी पांच अष्टमांश इंच, जमीन काळी व अक्षरें पांढरीं, इतक्या बारकाव्यानें नियम केले होते. स्वतंत्र पत्रा नको असल्यास गाडीच्या सपाट भागावर रंगविलें तरी चाले. लोकवस्तीच्या क्रमानें प्रांतमंडळांस अक्षरें वांटलीं : लंडनास ए, लँकेशायरास बी, यॉर्कशायरच्या पश्चिम भागास सी, केंटास डी. एकेरी अक्षरें संपल्यावर जोडाक्षरें.

लंडनचा "ए १" हा क्रमांक अर्ल रसेल (तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल ह्यांचे वडील बंधु) ह्यांनीं कचेरीच्या दारीं रात्रभर खोळंबून मिळविला अशी गोष्ट सांगतात, व तोच देशांतील पहिला क्रमांक असें सामान्यतः समजतात. गोष्ट गोड आहे. बखरींतील गोष्टी गोडच असतात. परंतु हेस्टिंग्ज गांवानें "डीवाय १" हा क्रमांक २३ नोव्हेंबर १९०३ रोजींच दिला होता, कायदा अमलांत येण्याच्या पांच आठवडे आधीं. ए म्हणून पहिला, हें अनुमान वर्णमालेवरून झालें, दप्तरावरून नव्हे.

आतां ह्या खुणांचा उपयोग पाहा. रोल्स-रॉइसची "सिल्व्हर घोस्ट" म्हणून जगप्रसिद्ध झालेली १९०७ सालची गाडी "एएक्स २०१" क्रमांकाची आहे. त्या वर्षीं कारखाना मँचेस्टरांत होता, विक्रीची पेढी लंडनांत होती. आणि एएक्स ही खूण तर वेल्सच्या सीमेवरील मन्मथशायर परगण्याची. मध्येंच हा परगणा कोठून आला ? चार्ल्स रोल्स ह्यांचें वडिलोपार्जित घर मन्मथजवळ हेंड्रे येथें होतें, हें कळलें म्हणजे दोन अक्षरें बोलूं लागतात. कोणी उत्साही मनुष्य त्या गाडीवर मँचेस्टरची एखादी तत्कालीन पाटी "अधिक योग्य" म्हणून चढविता तर हा दुवा तुटला असता, आणि पाटी मात्र कालदृष्ट्या निर्दोष राहिली असती.

पाटीच्या घडणीवरूनही काळ ओळखतां येतो. आरंभीं हातानें रंगविलेलीं अक्षरें असत; दाबून उठविलेल्या ॲल्युमिनिअमच्या पाट्या १९३० नंतरच्या दशकांत रुळल्या; प्लॅस्टिकचीं सुटीं अक्षरें महायुद्धानंतरचीं. १९१२ च्या गाडीवर उठावाची चकचकीत रुपेरी पाटी ही डोळस प्रेक्षकास खटकलीच पाहिजे. तसेंच तीन अक्षरांचें. दोन अक्षरांचे क्रमांक प्रथम स्टॅफर्डशायरांत संपले व १९३२ सालीं तेथें "एआरएफ" ही त्र्यक्षरी माला निघाली. तेव्हां १९२८ च्या गाडीवर त्र्यक्षरी खूण दिसली तर ती मूळची नव्हे असें बेलाशक म्हणावें. १८९८ सालची गाडी असेल तर तिच्या जन्मकाळीं पाटी नव्हतीच. लंडनहून ब्रायटनला जाणाऱ्या जुन्या गाड्यांच्या वार्षिक फेरींत १९०५ पूर्वीच्याच गाड्या घेतात. त्यांतील बहुतेकांच्या पाट्या ह्यामुळें गाडीहून लहान आहेत. हा दोष नव्हे. पोथी जुनी आणि वेष्टन नंतरचें, असें आपल्याकडेही होतेंच.

येथवर अंतःप्रमाण झालें. बाह्य प्रमाण म्हणजे नोंदवही. १९०३ च्या कायद्यानें प्रत्येक मंडळास वही ठेवावी लागे, आणि तींत धन्याचें नांव व पत्ता, गाडीची जात, सांगाड्याचा रंग व आकार, वजन, वापर खाजगी कीं व्यापारी, नोंदीची तारीख, पुढील धन्यांचीं नांवें, आणि शेवटीं रद्द झाल्याचा शेरा, एवढें लिहीत. रोजकीर्द वाचणाऱ्यास ह्या वह्या परक्या वाटणार नाहींत; कारकुनाची लेखणी सर्वत्र सारखीच. आरंभीं एकच धनी जुन्या गाडीचा क्रमांक नव्या गाडीवर चढवी, त्यामुळें एका क्रमांकाखालीं दोन-तीन गाड्यांचें वर्णन खोडून लिहिलेलें आढळतें. १९२० च्या रस्तेकायद्यानें १९२१ पासून कराबरोबर नोंद बांधली गेली, प्रत्येक गाडीबरोबर एक पुस्तिका फिरूं लागली, आणि क्रमांक गाडीशीं पक्का जडला.

ह्या वह्यांची पुढें जी गत झाली ती वाचून आमच्या मंडळींस हळहळ वाटेल. १९७४ च्या ऑक्टोबरपासून नोंदणीचें काम वेल्समधील स्वान्सी येथील मध्यवर्ती कचेरीच्या हातीं गेलें, यंत्रगणनेवर चढूं लागलें, आणि स्थानिक कचेऱ्या मिटल्या. काहींनीं वह्या प्रांताच्या दप्तरखान्यास दिल्या, काहींनीं जाळल्या किंवा रद्दींत घातल्या. ३० नोव्हेंबर १९८३ ही शेवटची मुदत ठरली. तोंवर ज्या गाडीची नोंद यंत्रावर चढली नाहीं तिचा क्रमांकावरील हक्क बुडाला. गोठ्यांत, गंजींत, धान्याच्या कोठारांत पडून असलेल्या गाड्या ह्या एका तारखेनें निर्नाम झाल्या. पुष्कळ आरडाओरड झाल्यावर १९९० सालीं मूळ क्रमांक परत मिळविण्याची वाट काढण्यांत आली. तिच्या अर्जास "व्ही ७६५" म्हणतात. अर्जाबरोबर त्या काळचा पुरावा हवा : जुनी पुस्तिका, कराची चकती, किंवा दप्तरखान्यांतील नोंदवहीचा उतारा, आणि मान्य मंडळाची शिफारस. असा परत मिळालेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या गाडीवर नेतां येत नाहीं. म्हणजे ज्या वह्या निरुपयोगी म्हणून जाळल्या, त्यांच्याच एका ओळीवर आज गाडीची ओळख अवलंबून आहे ! ज्या वांचल्या त्या निरनिराळ्या प्रांतांच्या दप्तरखान्यांत व ड्रॉइटविच येथील किथहेड न्यासाकडे आहेत.

ज्यांस पुरावा मिळाला नाहीं त्यांचें काय झालें, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कचेरी अशा गाडीस तिच्या वयास शोभणारा, पूर्वी कोणासही न दिलेला क्रमांक देते. किनरॉस हा स्कॉटलंडांतील लहानसा परगणा. तेथें गाड्या थोड्या, त्यामुळें त्याच्या "एसव्ही" खुणेचे क्रमांक पुष्कळ शिल्लक होते, ते ह्या कामीं आले. आतां १९२५ च्या गाडीवर एसव्ही पाहून ती किनरॉसची असें जो म्हणेल तो फसला. खूण काळाशीं सुसंगत, सरकारनें दिलेली, पाटी काळीपांढरी, आणि तरीही अस्सल नव्हे. लहान आंकड्यांच्या जुन्या क्रमांकांचा व्यापारही ह्यास कारण झाला. हौशी श्रीमंत ते विकत घेऊन नव्या गाडीवर चढवितात, आणि जुन्या गाडीस बदली क्रमांक येतो. कापडावरील जरीकांठ उसवून नेण्याचा हा प्रकार आम्हांस तरी रुचत नाहीं. पाटीच्या रंगापुरता तेथील नियम उदार आहे : १ जानेवारी १९८० पूर्वी बनलेल्या व ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या गाडीस काळी पाटी चालते, इतरांस १९७३ पासूनची चकाकणारीच हवी.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें निराळा मार्ग धरला. तेथें सरकारी पाट्या १९१४ पासून, पहिल्या मिन्याच्या. पुढें १९६३ ची काळी जमीन व पिवळीं अक्षरें प्रसिद्ध आहेत. गाडी ज्या सालची त्याच सालची अस्सल कॅलिफोर्नियाची पाटी कोठूनही मिळवावी, तिचा क्रमांक सध्यां कोणाच्या नांवें नसावा, म्हणजे ती रीतसर त्या गाडीवर लावतां येते. पाटी खरी, साल खरें, संबंध मात्र नवा. शके १६०० ची एक पोथी अपूर्ण मिळाली, म्हणून त्याच सुमाराच्या दुसऱ्या पोथीचें पुष्पिकेचें पान तिला जोडावें आणि लेखकाचें नांव वाचून समाधान मानावें, ह्यांत व त्यांत आम्हांस फरक दिसत नाहीं. मेळाव्यांत शोभा येते हें कबूल. परंतु पन्नास वर्षांनीं ती पाटी पाहणारा संशोधक चुकीच्या माणसाच्या घरीं जाऊन पोंचेल, त्याची जबाबदारी कोण घेणार ?

आपल्याकडील स्थिति काय ? मोटारींचा पहिला अखिल हिंदुस्थानी कायदा १९१४ चा आठवा. नंतर १९३९ चा. नंतर वर सांगितलेला १९८८ चा. २०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनें, मूळ स्वरूपांत राखलेलें, धंद्यास न लावलेलें दुचाकी वा चारचाकी वाहन त्यांत येतें. नव्यानें नोंदविल्यास राज्याच्या अक्षरांपुढें "व्हीए" अशी खूण मिळते, फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें. आधींच नोंदलेल्या वाहनास आपला मूळ क्रमांक ठेवतां येतो. हें शेवटचें वाक्य आमच्या मतें सर्व नियमांत मोलाचें आहे. आणि "व्हीए" ही खूणही प्रामाणिक आहे, कारण ती आपलें वय लपवीत नाहीं. इंग्लंडच्या बदली क्रमांकापेक्षां ती आम्हांस बरी वाटते.

उरला चेहरा. पोथ्या गोळा करणाऱ्यांच्या हातीं जुन्या घरांचे रुमाल येतात, त्यांत मोटारीचा परवाना, कराची पावती, विम्याचा कागद, पेट्रोलची चिठ्ठी असे कागद निघतात आणि बहुधा ते इंग्रजी व छापील म्हणून बाजूस टाकले जातात. आम्हीं स्वतः असे कागद पूर्वी टाकले आहेत. वाचकांस विनंति कीं, असा कागद मिळाल्यास त्यावरील क्रमांक, तारीख, इंजिन व सांगाड्याचे आंकडे आणि धन्याचें नांव उतरून घ्यावें, व कागद कोणत्या घरच्या रुमालांत मिळाला तें लिहून ठेवावें.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं बेळगांवच्या घरची ट्रंक पाहण्यास सांगितलें. चैत्रांत तो एक दुमडलेला कागद घेऊन आला. १९४१ सालची कराची पावती. क्रमांकाचा आरंभ "बीएम" असा मुंबईचा, आणि नांव आजोबांचेंच. पावतीवरील इंजिनाचा आंकडा गाडींतील इंजिनाशीं जुळतो. सांगाड्याचा आंकडा गंजामुळें अद्याप वाचतां आलेला नाहीं. त्यावर तेल लावून ठेविलें आहे. तोंवर "एमएच" ची ती डौलदार पाटी उतरवून त्यानें साधी, नियमाप्रमाणें असलेली पाटी लाविली आहे.